अक्षरांचें माप: कागदावर आणि कांचेवर

सामान्य व्यवहारांत मापाइतकी उपयोगी आणि मापाइतकी दुर्लक्षित वस्तु दुसरी क्वचितच असेल. शेर, मण, गज, हात हीं मापें जोंपर्यंत गांवोगांवीं निरनिराळीं होतीं, तोंपर्यंत बाजारांतील प्रत्येक सौद्यांत ‘कोठला शेर?’ हा प्रश्न गृहीत धरलेला असे. भारतांत १९५६ सालीं वजनमापांचा कायदा झाला, दशमान पद्धति हळूहळू रुळली आणि तो प्रश्न मिटला. परंतु सुशिक्षित घरांत आज रोज हाताळलें जाणारें एक माप असें आहे कीं, ज्याच्या बाबतींत तो जुना प्रश्न जसाच्या तसा उभा आहे. तें माप म्हणजे अक्षराचें. ‘बारा पॉइंटांचें अक्षर’ हे शब्द ‘एक किलो साखर’ या शब्दांइतकेच निश्चित वाटतात. तथापि तेंच बारा पॉइंटांचें अक्षर एका संगणकावर ठसठशीत दिसतें, दुसऱ्यावर आखडतें आणि तिसऱ्यावर ओळींची सगळी मांडणी बदलून टाकतें. हें असें कां व्हावें, आणि मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसानें त्यावर काय करावें, याचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

विषय कोरडा वाटूं नये म्हणून एक उदाहरण घेऊं. भंडारा जिल्ह्यांत, मोहाडी तालुक्यांत, आंधळगांव नांवाचें गांव आहे. ऐन आणि अर्जुन या वृक्षांच्या पानांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांपासून जें टसर रेशीम निघतें, त्याचें वस्त्र हातमागावर विणण्याची परंपरा या भागांतील कोष्टी कुटुंबांनीं चालविलेली आहे. करवतीच्या दांत्यांसारखा काठ असलेली करवतकाठी साडी हें विदर्भाचें भूषणच होय. समजा, अशा एखाद्या विणकराच्या घरांतील शिकलेल्या मुलीनें आपल्या मालाचें एक दरपत्रक मराठींत तयार केलें. घरच्या विंडोज प्रणालीच्या संगणकावर तिनें तें बारा पॉइंटांत, एका पानांत नेटकें बसविलें आणि चार ठिकाणीं पाठविलें. नागपुरास मामाच्या मॅकिन्टॉश संगणकावर तें उघडलें तेव्हां शेवटच्या दोन ओळी दुसऱ्या पानावर गेल्या. साडी कशी धुवावी ही सूचना त्याच ओळींत होती. छापखान्यांतील लिनक्स प्रणालीच्या संगणकावर अक्षरांचें वळणच पालटलें आणि दरांचे रकाने सरकून एका साडीची किंमत दुसरीसमोर आली. घरांतील आजीबाईंनीं तेंच पत्रक मोबाईलवर पाहिलें, तर अक्षर मुंगीएवढें. त्यांनीं तो बाजूस ठेवून दिला. कागद एकच, पण चौघांस तो चार रूपांनीं भेटला. मुलीनें कोणतीही चूक केलेली नाहीं. मग दोष कोठें आहे?

तो शोधण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. शिशाच्या खिळ्यांनीं छपाई होत असे त्या काळीं अक्षरांच्या मापांना आंकडे नव्हते, नांवें होतीं: पायका, ग्रेट प्रायमर, लाँग प्रायमर इत्यादि. एका ओतशाळेचा पायका दुसरीच्या पायक्याशीं जुळेलच अशी खात्री नसे. फ्रान्समध्यें फूर्निये यानें १७३७ सालीं पॉइंटांची पद्धति मांडली; त्याच शतकांत दिदो यानें तींत सुधारणा केली. अमेरिकेंत मात्र गोंधळ चालूच राहिला. १८७१ च्या शिकागोच्या भीषण आगींत मार्डर आणि ल्यूस यांची ओतशाळा भस्मसात् झाली, आणि सर्व सांचे नव्यानें करावे लागल्यामुळें त्यांनीं तीं नव्या, परस्परांशीं जुळणाऱ्या मापानें केलीं. पुढें १८८६ सालीं अमेरिकेंतील ओतशाळांच्या संघानें एकच पॉइंट स्वीकारला आणि १८९८ च्या सुमारास ब्रिटननें त्यांचें अनुकरण केलें. तरीही दिदोचा पॉइंट सुमारें ०.३७६ मिलिमीटर, तर अमेरिकेचा सुमारें ०.३५१ मिलिमीटर, असा भेद राहिलाच. संगणकाच्या युगांत इंचाचा बरोबर बहात्तरावा भाग म्हणजे एक पॉइंट असें ठरलें. तें माप सुमारें ०.३५३ मिलिमीटर येतें. या हिशेबानें बारा पॉइंट म्हणजे इंचाचा सहावा भाग, म्हणजेच सव्वाचार मिलिमीटरांहून किंचित् कमी.

येथें एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी, कारण पुढील सर्व घोटाळ्याचें बीज तिच्यांत आहे. हें बारा पॉइंटांचें माप अक्षराचें नव्हतेंच. तें खिळ्याच्या अंगाचें होतें. ज्या धातूच्या ठोकळ्यावर अक्षर कोरलेलें असे, त्या ठोकळ्याची उंची बारा पॉइंट. त्या अंगावर अक्षर मोठें कोरावयाचें कीं लहान, हें कोरणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असे. मुंबईंत १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींच्या खिळ्यांची देशभर जी ख्याति झाली, ती या कोरण्याच्या कौशल्याची होती. शिसें गेलें, ठोकळा गेला, तरी संगणकांतील फाँट आजही एका काल्पनिक चौकटीवरच बेतला जातो, आणि ‘बारा पॉइंट’ हें माप त्या अदृश्य चौकटीस लागतें. डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरास नव्हे.

आतां कांचेकडे वळूं. संगणकाचा पडदा असंख्य बारीक बिंदूंनीं बनलेला असतो. त्यांना पिक्सेल म्हणतात. पॉइंट हें लांबीचें माप आहे, पिक्सेल ही नुसती मोजदाद आहे. आणि एकाचें दुसऱ्यांत रूपांतर करावयाचें तर एका इंचांत बिंदु किती, हें ठाऊक असावें लागतें. १९८४ सालीं ॲपल कंपनीचा मॅकिन्टॉश आला, तेव्हां त्याच्या पडद्यावर इंचास ७२ बिंदु होते. त्यामुळें एक पॉइंट म्हणजे एक बिंदु, असा सोपा हिशेब त्यानें धरला आणि पडद्यावरील ओळ व कागदावरील ओळ लांबीनें सारखी आली. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजनें मात्र इंचास ९६ बिंदु धरले. पडदा हा पुस्तकापेक्षां सुमारें एकतृतीयांश अधिक अंतरावरून पाहिला जातो, म्हणून अक्षरही तितकेंच मोठें असावें, असा त्यामागील विचार सांगितला जातो. परिणाम असा झाला कीं, बारा पॉइंटांच्या अक्षरासाठीं मॅकिन्टॉश बारा बिंदु खर्ची घाली, तर विंडोज सोळा. एकाच प्रतीच्या दोन पडद्यांवर तेंच लिखाण शेजारीं ठेवलें, तर एकावरील अक्षर दुसऱ्यावरील अक्षराच्या तीनचतुर्थांश भरे.

विणकराच्या घरांत ही गोष्ट समजावून सांगण्यास विशेष सायास पडणार नाहींत. हातमागाच्या फणींतून ताण्याचे तार ओवलेले असतात. फणी दाट असेल तर एका इंचांत अधिक तार बसतात, विरळ असेल तर कमी. समजा, ताण्याचे २,८८० तार आहेत. इंचास ७२ तार घेणाऱ्या फणींतून ते ओवले, तर कापडाचा पन्हा ४० इंच येईल; इंचास ९६ तार घेणाऱ्या फणींतून ओवले, तर ३० इंच. तारांची संख्या सांगून पन्हा कळत नाहीं. फणीही सांगावी लागते. संगणकाच्या बाबतींत अडचण याहूनही थोडी पुढें जाते. संचालन-प्रणाली बहुधा समोरच्या पडद्याची खरी फणी मोजतच नाहीं. एक फणी गृहीत धरून ती हिशेब करते. गृहीत एक आणि वस्तुस्थिति दुसरी असली कीं, पट्टी लावून पाहणाऱ्याच्या पदरीं निराशाच येते.

हा भेद मिटविण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. आंतरजालावरील पानांच्या मांडणीसाठीं सीएसएस नांवाची जी नियमावली १९९६ सालीं प्रसिद्ध झाली, तिनें इंचास ९० बिंदु सुचविले. २००० सालीं मॅकिन्टॉशसाठीं निघालेल्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरच्या पांचव्या आवृत्तीनें ७२ चा हट्ट सोडून ९६ चें गणित आणि सोळा बिंदूंचें मूळ अक्षर पत्करलें. त्यामुळें निदान ब्राउझरांतील पानें दोन्ही प्रणालींवर सारखीं दिसूं लागलीं. २०११ सालीं शिफारस म्हणून मान्य झालेल्या सीएसएसच्या सुधारित आवृत्तीनें एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल हें नातें पक्कें केलें, आणि पिक्सेलची व्याख्याच बदलली. इंचास ९६ बिंदु असलेल्या पडद्याकडे २८ इंचांवरून, म्हणजे हातभर अंतरावरून, पाहिलें असतां एक बिंदु डोळ्याशीं जेवढा कोन करतो, तेवढा तो आदर्श पिक्सेल होय. ही कल्पना मार्मिक आहे. मोबाईल डोळ्यांच्या जवळ धरला जातो, म्हणून त्यावरील अक्षर मिलिमीटरांत लहान असलें तरी चालेल. भिंतीवरचा पडदा दूर असतो, म्हणून त्यावरील अक्षर मोठें हवें. डोळ्यांना मात्र दोन्ही सारखींच भासावींत. २०१० सालच्या आयफोनच्या चौथ्या नमुन्यानें इंचास ३२६ बिंदु आणले, तेव्हां जुनें एक माप चार बिंदूंत, दोन आडवे व दोन उभे, वाटून देण्याची सोय याच विचारानें झाली. अँड्रॉइड प्रणालीनें इंचास १६० हें आपलें प्रमाण ठरविलें, आणि अक्षरांसाठीं एक वेगळें एकक ठेवलें, जें वाचणाऱ्यानें निवडलेल्या मापाप्रमाणें आपोआप वाढतें-घटतें.

मग प्रश्न संपला काय? इंग्रजी वाचकाचा बराचसा संपला. मराठी वाचकाचा खरा प्रश्न येथून पुढें सुरू होतो.

पूर्वीं सांगितलेला काल्पनिक चौकटीचा न्याय देवनागरीस लावून पाहावा. रोमन लिपीचें अक्षर एका पट्टींत सामावतें. देवनागरींत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खालीं उकार, रुकार, कधीं एकाखालीं एक रचलेलीं जोडाक्षरें, इतका संसार त्याच चौकटींत थाटावयाचा असतो. त्यामुळें अक्षराच्या मुख्य भागास किती जागा द्यावी, हा प्रत्येक फाँटकर्त्यानें स्वतःपुरता सोडविलेला प्रश्न आहे. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा फाँट प्रसिद्ध सुलेखनकार रघुनाथ कृष्ण जोशी यांनीं रचला, विंडोजच्या आठव्या आवृत्तीपासून ‘निर्मला’ आला, ॲपलच्या यंत्रांवर ‘कोहिनूर देवनागरी’ असतो, अँड्रॉइडवर ‘नोटो’, लिनक्सवर बहुशः ‘लोहित’ किंवा ‘नोटो’. या सर्वांत आंकडा बाराच लिहिला तरी ‘क’ या अक्षराची उंची आणि रुंदी सारखी येत नाहीं. जो फाँट लिखाणांत नमूद आहे तो समोरच्या यंत्रावर नसेल, तर यंत्र न विचारतां आपल्याजवळचा दुसरा फाँट वापरतें. विंडोज १० मध्यें तर ‘मंगल’ सुद्धां मूळ संचांतून काढून ऐच्छिक पुरवणींत ठेवला गेला; म्हणजे दोन्हीकडे विंडोज असलें तरी निश्चिंत राहतां येत नाहीं. मामाच्या यंत्रावर दोन ओळी खालीं घसरल्या त्या बहुधा याच अदलाबदलीनें.

दुसरें कारण ओळींमधील अंतराचें. प्रत्येक फाँटच्या पोटांत त्याची वरची व खालची मर्यादा सांगणारे आंकडे असतात, आणि गंमत अशी कीं, ते एकाच ठिकाणीं नसून वेगवेगळ्या कोष्टकांत लिहिलेले असतात. मॅकिन्टॉश एक कोष्टक वाचतो, विंडोज परंपरेनें दुसरें. फाँटकर्त्यानें दोन्हीकडे एकच आंकडे लिहिले असतील तर ठीक. नसतील तर तोच फाँट, तेंच माप, आणि तरीही ओळी एकीकडे ऐसपैस, दुसरीकडे दाटीनें. विंडोजवर ही मर्यादा अपुरी लिहिली गेली असेल, तर मर्यादेबाहेरचा भाग छाटलाही जातो. रोमन अक्षराचें यांत फारसें बिघडत नाहीं. मराठींत मात्र वरचा अनुस्वार किंवा खालचा उकार नाहींसा झाला कीं, अर्थाचाच अनर्थ होतो.

तिसरें कारण रेखाटनाचें. लहान मापावर अक्षराची कड बिंदूंच्या जाळ्यांत नीट बसत नाहीं. विंडोजची परंपरा अशी कीं, अक्षरास थोडें ओढूनताणून जाळ्याशीं जुळवावें, म्हणजे रेषा स्पष्ट दिसते. मॅकिन्टॉशची परंपरा अशी कीं, फाँटकर्त्याचें वळण जसेंच्या तसें राखावें, मग कड किंचित् मऊ दिसली तरी चालेल. दोन्ही मतांस आधार आहे. परंतु अक्षरागणिक केसभर फरक पडला तरी ओळीच्या अखेरीस एक शब्द खालीं ढकलला जाण्यास तो पुरतो.

चौथें कारण तर मराठी लिहिणाऱ्यांच्या रोजच्या अनुभवांतलें असून त्याचा उलगडा फारच थोड्यांना झालेला असतो. लेखनाच्या प्रचलित कार्यक्रमांत, म्हणजे वर्डमध्यें व लिबरऑफिसमध्यें, रोमन लिपीचा फाँट व माप एका खान्यांत, आणि देवनागरीसारख्या संयुक्त लिपींचा फाँट व माप दुसऱ्या खान्यांत नोंदविलें जातें. एखाद्यानें नमुन्यांत इंग्रजीचें माप चौदा केलें आणि मराठीचा खाना तसाच राहिला, तर एकाच ओळींत इंग्रजी शब्द थोर आणि मराठी शब्द पोर दिसतात. लिहिणारा मग मराठीच्या नांवानें बोटें मोडतो. वस्तुतः मराठीचें कांहीं चुकलेलें नसतें. तिचें माप विचारलेंच गेलेलें नसतें.

आतां उपायांकडे वळावयाचें. पहिला विवेक हा कीं, लिखाणाचें अंतिम स्थान कागद आहे कीं कांच, हें आधीं ठरवावें. कागदासाठीं एकसारखेपणा मिलिमीटरांत हवा, आणि तो मिळविण्याचें उत्तम साधन पीडीएफ हें होय. ॲडोबी कंपनीनें १९९३ सालीं आणलेलें आणि २००८ सालीं आंतरराष्ट्रीय मानक झालेलें हें स्वरूप फाँट आपल्या पोटांतच घेऊन जाऊं शकतें. त्यामुळें मंगल, कोहिनूर आणि नोटो यांची अदलाबदल उरत नाहीं. फाँट आंत घेतला गेला आहे ना, एवढें पाहून घ्यावें. छापतांना ‘पान कागदांत बसवा’ हा पर्याय टाळून ‘मूळ आकार’ हा पर्याय निवडावा, नाहीं तर यंत्र मुकाट्यानें अक्षर आक्रसून टाकतें. कागदाचें मापही तपासावें. भारतांत ए-फोर, म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर, हा कागद चालतो, पण अनेक कार्यक्रमांत अमेरिकन ‘लेटर’ हा सुमारें १८ मिलिमीटरांनीं आखूड कागद आधींच निवडलेला असतो. एखादी ओळ विनाकारण दुसऱ्या पानावर गेली, तर अपराधी पुष्कळदां हाच असतो.

लिखाण इतरांनीं पुढें दुरुस्त करावयाचें असेल, तर पीडीएफ उपयोगी नाहीं. तेव्हां सर्व प्रणालींवर विनामूल्य घालतां येईल असा एकच फाँट सर्वांनीं घ्यावा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा गूगलचा ‘नोटो’ हे तसे आहेत. ओळींमधील अंतर ‘एकेरी’ असें मोघम न ठेवतां पॉइंटांत नेमकें लिहावें, आणि मराठीसाठीं तें रोमनपेक्षां थोडें सैल असावें. रकाने जुळविण्यासाठीं रिकाम्या जागांची माळ ओवूं नये, कोष्टक वापरावें. दरपत्रकांतील किंमत शेजारच्या साडीस जाऊन चिकटली, ती या माळेमुळें.

कांचेसाठीं मात्र वेगळें धोरण हवें. तेथें मिलिमीटर साधण्याचा आग्रहच सोडावा आणि प्रमाण साधावें. मथळा मजकुराच्या दीडपट, टीप मजकुराच्या आठदशांश, अशीं मापें एकमेकांच्या संबंधानें ठरवावींत. मूळ माप मात्र वाचणाऱ्याच्या यंत्राकडून घ्यावें. फाँट बदललाच तर बदली फाँट किती टक्क्यांनीं मोठा किंवा लहान दाखवावा, हें सांगण्याची सोय आतां सीएसएसमध्यें झालेली आहे. बदली फाँटचें माप आपोआप जुळविण्याची एक जुनी सोयही आहे. पण ती मुळांत रोमन लिपींतील छोट्या ‘एक्स’ या अक्षराच्या उंचीवर बेतलेली आहे. देवनागरींत तें अक्षर नाहीं. शिरोरेषेपासून तळरेषेपर्यंतची उंची हें आपल्या लिपीचें स्वाभाविक माप. मराठी संकेतस्थळ करणाऱ्यानें हें माप स्वतः पाहून टक्के ठरवावेत, दुसऱ्या लिपीच्या गजानें तीं मोजूं नयेत.

येथें कोणी अशी शंका घेईल कीं, इतका खटाटोप करण्यापेक्षां अक्षराचें माप एकदांच कायमचें जखडून टाकावें. म्हणजे सर्वांना सर्वत्र सारखेंच दिसेल. कित्येक पानें रचणाऱ्यांनीं तसें केलेंही. परंतु येथेंच आंधळगांवच्या त्या घरांतील आजीबाईंचा विचार अवश्य केला पाहिजे. जिनें आयुष्यभर कोशाचा बारीक तार डोळ्यांनीं जोखला, तिच्या डोळ्यांना साठीनंतर अक्षर मोठें हवें असतें. जखडलेलें माप हें तरुण डोळ्यांनीं वृद्ध डोळ्यांवर केलेली सक्ति होय. आंतरजालाच्या सुगम्यतेविषयीं २००८ सालीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध झालीं, त्यांत मजकूर दुप्पट मोठा केला तरी त्यांतील कांहींही हरवूं नये, अशी अपेक्षा आहे. म्हणजे खरा एकसारखेपणा हा नव्हे कीं प्रत्येकाच्या पडद्यावर अक्षर तितक्याच मिलिमीटरांचें असावें. प्रत्येकास तें तितक्याच सुखानें वाचतां यावें, हा होय. घरांतील वडीलधाऱ्यांच्या मोबाईलमध्यें अक्षराचें माप वाढवून देणें हें दोन मिनिटांचें काम आहे. तें बहुतेक घरांत राहून जातें, आणि ‘आतां वाचवत नाहीं’ असें म्हणून जुना वाचक वाचनच सोडतो.

मराठीनें याहून अवघड संकट पार केलेलें आहे. एके काळीं प्रत्येक फाँटची अंतर्गत लिपि निराळी असे. एका कार्यक्रमांत लिहिलेलें मराठी दुसऱ्यांत उघडलें कीं, पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांगोळी उमटे. १९९१ सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली, तींत देवनागरीस भारतीय मानकाच्या आधारें स्थान मिळालें, आणि पुढील वर्षांत तो गोंधळ बऱ्याच अंशीं निवळला. ‘क’ हा सर्वत्र ‘क’ च राहूं लागला. आतां तो सर्वत्र नीट वाचतां येईल इतका मोठा राहावा, एवढेंच काम उरलें आहे. त्यासाठीं फाँटकर्त्यांनीं दोन्ही कोष्टकांत एकच आंकडे लिहावे, कार्यक्रम करणाऱ्यांनीं मराठीचा खाना लपवून ठेवूं नये, आणि लिहिणाऱ्यानें पाठविण्यापूर्वीं आपलें लिखाण एकदां दुसऱ्याच्या यंत्रावर पाहून घ्यावें. पत्र पाठविण्याआधीं तें एकदां वाचून पाहण्याची जी जुनी शिस्त, तिचाच हा नवा भाग आहे.